कर्ज लपवण्याची किंमत

खानदेशात सालदाराचे, म्हणजे सालावर राबणाऱ्या शेतमजुराचे, वर्ष अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपते आणि अखाजीलाच नवे सुरू होते. वर्षभरात उचल किती घेतली, खाडे किती पडले, पुढच्या सालाचा आकडा काय, हे त्या दिवशी चार माणसांदेखत बोलले जाते. आवाज चढतात, कधी बोलणी मोडतात, पण आकडा लपत नाही. गावातला सर्वांत गरीब माणूस किती देणे लागतो हे गावाला ठाऊक असते. ज्याच्या नावावर सातबारा आहे, धुळ्याच्या पाचकंदील भागात ज्याचे दुकान आहे किंवा ज्याचा पगार दरमहा बँकेत जमा होतो, त्याचे देणे मात्र त्याच्या घरातल्या माणसांनाही नीट माहीत नसते. थोडी प्रतिष्ठा हाती आली की माणूस कर्ज झाकू लागतो. या झाकण्याची किंमत रुपयांत मोजता येते आणि ती कर्जदारालाच भरावी लागते, हे मला इथे दाखवायचे आहे. कर्जाची लाज मनाला छळते हे तर खरेच. पण तीच लाज कर्ज महाग करते, लांबवते आणि शेवटी फेडता न येण्याजोगे करते. म्हणून फेडीची सुरुवात पहिला हप्ता भरण्याच्या आधी, कर्ज कागदावर आणण्यापासून होते.

माणूस सावकाराकडे का जातो, असे विचारले की बँक दारात उभे करत नाही म्हणून, असे उत्तर मिळते. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पुरते नाही. बँकेत सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचे दाखले लागतात, अनेकदा जामीनदार लागतो. जामीनदार शोधणे म्हणजे आपली अडचण कोणाला तरी सांगणे. विकास सोसायटीत जावे तर सचिव ओळखीचा आणि संचालकांत एखादा भाऊबंद. सावकार तासाभरात पैसे देतो आणि कोणाला कळू देत नाही. त्याच्या व्याजात जोखमीची किंमत असते, घाईची असते आणि या गुप्ततेचीही असते. समजा, शेकडा पाच रुपये महिना दराने ५०,००० रुपये घेतले. महिन्याचे व्याज २,५००, वर्षाचे ३०,०००. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरून होते आणि मुद्दल आहे तिथेच राहते. हेच पैसे वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले असते, तर वर्षाचे व्याज ६,००० झाले असते. गुप्तता एवढ्यावर थांबत नाही. ज्याला बोलायचेच नाही तो दराची तुलना करू शकत नाही, घासाघीस करू शकत नाही, पावती मागू शकत नाही. पावती मागितली तर सावकाराला राग येईल आणि बोभाटा होईल, या भीतीने तो सहीचे कोरे चेक देतो, कोरा स्टँप देतो, गहाणखताच्या जागी सरळ शेताचे खरेदीखत करून देतो. हे सगळे अब्रू वाचवण्यासाठी घडते आणि त्यातूनच अब्रूची सगळी किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते.

बाजारातल्या छोट्या दुकानदाराला ‘डेली’ने दिलेले कर्ज असेच फसवे असते. दहा हजारांच्या नावावर हजार रुपये आधीच कापून नऊ हजार हातात दिले आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस घेतले, तर ऐकायला ते हजार रुपयांचेच व्याज वाटते. पण मुद्दल रोज थोडे थोडे परत जात असते, त्यामुळे सगळे नऊ हजार शंभर दिवस वापरायला मिळतच नाहीत. नीट हिशेब केला तर दर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या वर जातो. दुचाकीच्या किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जात सांगितला जाणारा ‘फ्लॅट’ दरही असाच. दोन वर्षांसाठी फ्लॅट बारा टक्के म्हणजे उतरत्या शिलकीवर सुमारे साडेएकवीस टक्के. हे गणित दहावी झालेला मुलगा कागद घेऊन करू शकतो. पण त्याच्या हाती कागद द्यायला घरात कोणी धजत नाही.

ही लाज सत्य परिस्थितीवर तरी उभी आहे का? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ मधल्या ७७व्या फेरीत देशातली ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जदार आढळली. दर शेतकरी कुटुंबामागे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते. त्याच वर्षीच्या कर्ज आणि गुंतवणुकीच्या पाहणीत ग्रामीण भागातली ३५ टक्के आणि शहरी भागातली सुमारे २२ टक्के कुटुंबे कर्जात होती. म्हणजे शेतकऱ्यांच्या कोणत्याही गल्लीत एका आड एक घर. त्या प्रत्येक घराला आपण एकटेच बुडालो आहोत असे वाटते, कारण शेजारचे घरही तेवढ्याच काळजीने गप्प असते. यात उधळे, व्यसनी, हौशी लोक नाहीत असे मी म्हणणार नाही. पण कर्जाची मोठी कारणे खानदेशात कोणालाही दिसतात. कपाशीला बियाणे, खत, फवारणी, निंदणी यांचा खर्च जूनपासून लागतो आणि पैसा दिवाळीनंतर येतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणी. २०१७ मध्ये राज्यभर शेंदरी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा काटकसरी आणि उधळा दोघांचीही बोंडे सारखीच किडली. रावेर-यावलकडे एका वादळात केळीचे उभे बाग आडवे होतात. त्यात एखादे आजारपण किंवा लग्न आले की कर्ज होते. ज्या धंद्यात खर्च आधी आणि उत्पन्न नंतर, त्या धंद्यात कर्ज असणे हा स्वभावाचा दोष मानणे चूक आहे.

आपल्या संस्कारांनी मात्र तो दोष मानायला शिकवले. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून आईला लागेल असे बोलतो, हा त्यातला प्रसंग महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी रडत वाचला. तो खराच हृदय पिळवटणारा आहे. पण त्यातून आपण काय घेतले याचा विचार केला पाहिजे. कर्ज वाईट, ते करू नये, हे आपण घेतले. दारात उभे राहून बाईमाणसाचा अपमान करणे हाच अन्याय आहे, हे तितक्या ठामपणे घेतले नाही. ज्याचा अपमान झाला त्यानेच मान खाली घालायची, ही रीत तशीच राहिली.

महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर कर्जाचा प्रश्न जेव्हा जेव्हा थोडा सुटला, तेव्हा तो कागद उजेडात आल्यामुळे सुटला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव कडाडले, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ नंतर भाव कोसळले, कर्ज उरले, आणि सरकारी साराही वाढवण्यात आला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे-अहमदनगरच्या गावागावांत पसरला. त्या लोकांना हवे होते ते दस्तऐवज. रोखे, हुकूमनामे यांची होळी करण्यात आली; जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे सहसा पुढे काही झाले नाही. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याचे मर्म असे, की न्यायालयाने फक्त रोख्यावरचा आकडा पाहून निकाल देऊ नये. मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती याचा सगळा इतिहास तपासावा. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा आणि पैशाच्या दाव्यात शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. परक्या सरकारलाही एवढे कळले होते, की कर्जदाराला सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते दिसत नाही आणि खरा बोजा तिथेच वाढतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्या स्वभावावर न टाकता सारा, कोर्टकचेऱ्या, नोकरशाही आणि अज्ञान यांच्याकडे बोट दाखवले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, शेतीच्या कार्यक्रमात कर्जाचा भार हलका करण्याची मागणी आली. आणि १९७२च्या सुमारास, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन लोक उभे केले. एकेकट्या घरात जी नामुष्की होती, ती इथे सगळ्यांची तक्रार झाली. मग जमीन कशी गेली हे लोक मोठ्याने विचारू लागले आणि अनेकांना ती परत मिळाली.

मनाचा अभ्यास करणाऱ्यांनीही गेल्या काही वर्षांत याला आधार दिला आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, पैसा आटलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर सारख्याच बौद्धिक चाचण्या दिल्या. आधी ते कमी पडले, नंतर सुधारले. माणूस तोच, बुद्धी तीच. पैशाच्या काळजीने तिचा मोठा भाग अडवून ठेवला होता. हा परिणाम नेमका किती मोठा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्याची दिशा कर्जात असलेल्या कोणालाही पटेल. दुसरा अभ्यास सिंगापूरचा, २०१९चा. एका धर्मादाय संस्थेने गरीब कुटुंबांची जुनी थकलेली कर्जे भरून टाकली आणि संशोधकांनी १९६ कर्जदारांची आधी आणि नंतर तपासणी केली. चिंता कमी झाली, निर्णय सुधारले. सगळ्यात बोलके म्हणजे, सुटलेली रक्कम सारखीच असली तरी ज्यांची अधिक खाती पूर्ण बंद झाली त्यांना अधिक मोकळे वाटले. मनाला एकूण आकड्यापेक्षा किती लोकांचे देणे आहे हे जास्त टोचते. तिसरा अभ्यास थेट लाजेवरचा, २०२१चा. संशोधक ग्लॅडस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की पैशाची लाज वाटणारी माणसे आपल्या आर्थिक व्यवहाराकडे पाहण्याचेच टाळतात, त्यामुळे अडचण वाढते आणि वाढलेल्या अडचणीची आणखी लाज वाटते. न उघडलेले बँकेचे पत्र, न उचललेला फोन, पासबुकात नोंदी करून घ्यायला न जाणे, ही सगळी याच भोवऱ्याची लक्षणे. त्यांना आळस किंवा बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लाज गेली तर फेडणार कोण? गावातला उधार-उसनवारीचा व्यवहार शब्दावर आणि अब्रूवर चालतो, ती भीती काढली तर तो मोडेल. आक्षेप वजनदार आहे. पण जबाबदारी आणि लाज यांत फरक केला पाहिजे. मी अमुक माणसाचे देणे लागतो, ते मला फेडायचे आहे, हे जबाबदारीचे भान माणसाला घेणेकऱ्याकडे घेऊन जाते. मी माणूस म्हणूनच हलका ठरलो, ही लाज त्याला घेणेकऱ्यापासून पळवते. लाजेने फेड होतेही, पण कोणाची? जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याची. सगळ्यात महाग कर्ज आधी फेडावे, हा साधा व्यवहार. पण लाजेच्या धाकात माणूस दारात येऊन बसलेल्याला आधी देतो, आणि ते देण्यासाठी दुसरीकडून आणखी महाग पैसे उचलतो. मायक्रोफायनान्सच्या गटांत हे नेहमी घडते. एका बाईचा हप्ता चुकला की मीटिंग अडते, बाकीच्या बायका खोळंबतात, आणि त्यांच्या नजरेला नजर देणे टाळण्यासाठी ती दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढते. वसुलीच्या आकड्यात ते उत्तम फेड म्हणून दिसते. तिच्या घरात मात्र एकाची तीन कर्जे होतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्ससाठी नियम केले तेव्हा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये अशी मर्यादा घातली, आणि कर्जदाराचे नाव जाहीर करणे, नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देणे, सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर फोन करणे हे कठोर वसुलीत मोडते असे स्पष्ट केले. बँका आणि वित्त कंपन्यांच्या इतर कर्जांच्या वसुलीसाठी फोन करण्याची मुभा सकाळी आठ ते संध्याकाळी सात. लाज दाखवून वसुली करणे नियामकालाच मान्य नाही, मग कर्जदाराने ती न्याय्य का मानावी?

आता पहिले पाऊल. एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक देण्याला एक पान द्यावे: कोणाचे, केव्हा घेतले, हातात प्रत्यक्ष किती आले, आजवर किती दिले, दर किती, तारण काय, कोणते कागद सही करून दिले. हातउसने, किराण्याची उधारी, कृषी केंद्राची बाकी, सोन्यावरचे कर्ज, मोबाइलच्या ॲपवरून घेतलेले पाच हजार, सगळे. शेवटी सगळे दर वर्षाच्या टक्क्यांत आणावेत. शेकडा तीन म्हणजे छत्तीस, हे लिहिल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. बँकेकडून खातेउतारा मागणे हा हक्क आहे. सिबिलसह देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा सविस्तर अहवाल फुकट द्यावा लागतो. त्यात आपल्या नावावर कोणती कर्जे आहेत ते दिसते, आणि आपण जामीन राहून विसरलेले कर्जही तिथे सापडते. हे करायला दोन-तीन संध्याकाळी लागतील. त्या वाईट जातील, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बेरीज झाल्यावर पुष्कळांच्या बाबतीत मनातल्या भीतीला एक आकडा मिळतो, आणि आकड्याशी बोलणी करता येतात.

ही वही दुसऱ्या कोणी पाहिली पाहिजे. इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो सर्वांत खरा आहे: मुलीचे लग्न जमायचे आहे, बाजारात पत आहे, गोष्ट फुटली तर नुकसान होईल. होईल, हे नाकारता येत नाही. म्हणून गावाला सांगावे असे माझे म्हणणे नाही. एकाच माणसाला सांगावे, आणि तो माणूस बहुतेक घरांत नवरा किंवा बायको असावा. आपल्याकडे पुरुष बायकोपासून कर्ज लपवतो आणि बाई नवऱ्यापासून गटाचा हप्ता लपवते. दोघांच्या कर्जांची बेरीज घरात कोणालाच माहीत नसते. कळल्यावर भांडण होते. पण न कळता दागिने गहाण पडणे, शेताचे खरेदीखत होणे, यापेक्षा ते भांडण पुष्कळ स्वस्त पडते. घरातच बोलणे अशक्य असेल तर व्याजात ज्याचा हितसंबंध नाही असा कोणीही जाणता माणूस चालेल: निवृत्त शिक्षक, बँकेतला ओळखीचा कर्मचारी, मोठी बहीण. आणि देण्याच्या ओझ्याने जीव नकोसा वाटू लागला असेल, तर हिशेब बाजूला ठेवून आधी तेवढेच कोणाला तरी सांगावे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

वही झाल्यावर घेणेकऱ्याकडे जाण्याची वेळ येते, आणि ती हप्ता चुकण्याच्या आधीची असली तर फार बरे. बहुतेक कर्जांत नव्वद दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फारसे राहत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करणे, पीक बुडाले असेल आणि आपत्ती जाहीर झाली असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन मागणे, हे मार्ग मोकळे असतात. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य पडते. मार्चअखेरीला नवं-जुनं करायला, म्हणजे जुने पीककर्ज भरून नवे घ्यायला, जो संकोचाने जात नाही, त्याचे स्वस्तातले स्वस्त कर्ज हातचे जाते. इथे लोक कर्जमाफीची वाट पाहण्याचा युक्तिवाद करतात. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत माफी झाली, हे खरे. तिच्यामुळे अनेक घरे तगली, हेही खरे. पण या माफीचा विषय बँका आणि सोसायट्यांच्या शेतीकर्जाचा होता. सावकाराचे शेकडा पाच, गटाचा हप्ता, सोन्यावरचे कर्ज तिच्या बाहेर राहिले. माफीच्या आशेने स्वस्त कर्ज थकवायचे आणि तेवढ्या काळासाठी महाग कर्ज काढायचे, हा सौदा तोट्याचाच.

सावकाराच्या बाबतीत कायदा बऱ्याच लोकांना वाटतो त्याहून कडक आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणे गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकासाठी शासनाने ठरवलेले दर वर्षाला शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला ९ टक्के, विनातारणीला १२. इतरांना अनुक्रमे १५ आणि १८. त्याने पावती दिली पाहिजे, हिशेब दिला पाहिजे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही; आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाचा हा वारसा. सावकारीच्या व्यवहारात शेत किंवा घर खरेदीखताने गेले असेल, तर अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून मालमत्ता परत देण्याचा आदेश सहकारी संस्थांचा जिल्हा उपनिबंधक काढू शकतो. पण त्याच्यापुढे मांडायला तारखा लागतात, रकमा लागतात, साक्षीला कोणी तरी लागतो. ज्याने पंधरा वर्षे हे एकट्याच्या मनात ठेवले त्याच्याकडे यातले काहीच नसते. लाजेची किंमत इथे बिघ्यांत मोजावी लागते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बँकेचे प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येते. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून झेपेल तोच आकडा मान्य करावा. कमी रकमेत मिटवलेल्या कर्जाची नोंद पतअहवालात राहते आणि काही वर्षे नवे कर्ज अवघड होते, हेही आधी समजून घ्यावे.

कोणी म्हणेल, वही लिहून पैसे थोडेच उगवतात? नाही उगवत. ज्याचे उत्पन्नच हप्त्यांहून कमी आहे, त्याला वही फक्त एवढेच सांगेल की असे चालणार नाही. पण हे दोन वर्षे आधी कळणे आणि दोन वर्षे नंतर कळणे यांत एखाद्या शेताचे अंतर असू शकते. वेळेत कळले तर अर्धा एकर आपल्या भावाने विकून महाग कर्ज मिटवता येते. उशिरा कळले तर घेणाऱ्याच्या भावाने. कोणते कर्ज आधी मिटवावे यात मी सिंगापूरच्या त्या अभ्यासाचे ऐकेन: एक-दोन लहान देणी आधी पूर्ण बंद करून डोके मोकळे करावे, आणि मग उरलेली ताकद सगळ्यात जास्त दराच्या कर्जावर लावावी. गणिताने पाहिले तर पहिल्यापासून महाग कर्जच फेडणे योग्य; पण फेडणारा थकलेला असतो आणि त्याची उमेद टिकणे हाही हिशेबाचाच भाग आहे. सालदाराच्या कर्जाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याची उचल उघड असूनही तो वर्षानुवर्षे अडकतो, कारण आकडा चारचौघांत बोलला गेला तरी वही मालकाचीच असते. म्हणून उघड बोलण्याइतकीच स्वतःच्या हातची नोंद महत्त्वाची, आणि सालदाराच्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने ती ठेवायला काहीच हरकत नाही.

जप्ती आणि तुरुंगाची भीती घालणाऱ्यांना कायद्याचे उत्तर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराने अंगावरून न उतरवायचे बाईचे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांवर जप्ती येत नाही. १९८०च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की देण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ न दिल्याबद्दल तुरुंगात पाठवणे घटनेच्या एकविसाव्या कलमात बसत नाही. चेक न वटण्याचा गुन्हा याला अपवाद, म्हणूनच सहीचा कोरा चेक देऊ नये. आणि बापाचे कर्ज मुलाने धर्म म्हणून फेडलेच पाहिजे, ही जुनी हिंदू कायद्यातली जबाबदारी २००५च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरती संपली. आता वारसाचे दायित्व त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. मात्र कर्ज किती होते, किती फिटले होते, कोणाकडे कोणता कागद होता हे मुलाला माहीत नसेल, तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दारात येणाऱ्या माणसाने सांगितलेला आकडा खरा की खोटा, हे तो कशावरून ठरवणार? त्याच्याकडे वडिलांच्या हातची वही असली पाहिजे.